सायकल विमानात: आधी खोका, मग तिकीट

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकल फेरी दर चार वर्षांनी येते. मागची २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाली, पुढची २०२७ ला. पात्रतेच्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या फेऱ्या, सुरू झाल्या की पुण्या-मुंबईच्या सायकल गटांत एक प्रश्न फिरायला लागतो: कुठल्या विमानात सायकल फुकट जाते? मनाली-लेह करून विमानाने परतणारेही हेच विचारतात आणि दिल्लीहून गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल, धावणं) येणारेही. (कोल्हापूरहून गोव्याला सायकल विमानाने न्यायचं म्हणणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. गाडीत टाका आणि आंबोलीत थांबून चहा प्या.)

विमान कंपनीच्या पानावर या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं. सायकल कशात बांधणार, बांधून झाल्यावर वजन किती आणि लांबी, रुंदी, उंची किती, हे हातात नसताना तिकीट काढलं की उरलेलं अर्धं उत्तर काउंटरवर मिळतं, आणि ते महाग पडतं.

खोक्याचं गणित

दुकानात नवी रोड बाइक ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येते तो साधारण १३७ × २० × ७६ सेंटिमीटरचा असतो. लहान फ्रेमचा थोडा आखूड, माउंटन बाइकचा थोडा रुंद. दुकानदार हे खोके रद्दीत घालतो, त्यामुळे आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर फुकटात किंवा चहापाण्यावर मिळतो. घेताना कापलेल्या कडेकडे नीट बघा. दोन नागमोडी थर दिसले तर पाच पदरी, एकच दिसला तर तीन पदरी. पाच पदरीच घ्या. तीन पदरी पुठ्ठा पावसाळ्याच्या दमट हवेत मऊ पडतो, आणि लेह-युरोपच्या बहुतेक मोहिमा जून ते ऑगस्टमध्येच निघतात. तळाच्या लोखंडी पिना गंजलेल्या असतील तर तळाला आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी टेप मारायचा.

या खोक्याचं वजन ४ किलोच्या आसपास भरतं. पायडलं काढलेली साधी ॲल्युमिनियमची रोड बाइक १० किलो आणि आतलं फोम-पुठ्ठ्याचं सामान १ किलो. झाले १५. देशांतर्गत इकॉनॉमीच्या तिकिटावर आता बहुतेक ठिकाणी १५ किलोच मिळतात, म्हणजे सायकल गेली तर कपड्यांची पिशवी पूर्णच्या पूर्ण जादा. तीच सायकल कडक प्लॅस्टिकच्या केसमध्ये घातली तर एकटी केसच १२ किलोची, आणि बेरीज २३. युरोपला जाताना एका नगाला २३ किलोची हद्द असते, तिच्या अगदी काठावर. एक पंप आणि कुलूप आत टाकलं की काठ ओलांडला. चाकांची मऊ बॅग मधली, ८ ते ९ किलोची. वरून दाब आला तर मऊ बॅग पुठ्ठ्यापेक्षा फार काही वाचवत नाही. तिची खरी सोय ओढत नेण्यात आहे. एकदाच जाऊन यायचं असेल तर माझं मत सरळ पुठ्ठ्याला. कडक केस वर्षातून दोन-तीनदा उडणाऱ्यांनी घ्यावी किंवा कोणाकडून तरी मागून आणावी.

आता मापं. साध्या बॅगेसाठी लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत हवी असते. आपल्या खोक्याची १३७ + २० + ७६ म्हणजे २३३. त्यामुळे वजन कितीही कमी असलं तरी सायकल ‘मोठ्या आकाराचं सामान’ ठरतेच. या जादा मापाचे पैसे कंपनी सोडते की घेते, हा खरा प्रश्न. वजनाची दुसरी भिंत ३२ किलोची. एका नगाचं वजन त्यावर गेलं की पैसे भरूनही बहुतेक कंपन्या तो घेत नाहीत, कारण विमानाच्या पोटात तो माणसांना हातानं उचलून ठेवायचा असतो. सायकल एकटी कधीच ३२ ला पोचत नाही. खोक्यात तंबू, बूट आणि चकलीचा डबा भरणारे पोचतात.

सायकल कुरियरने किंवा कार्गोने पुढे पाठवू, असंही काहींना वाटतं. तिथे वजन काट्यावर नाही, आकारमानावर धरतात. १३७ × २० × ७६ म्हणजे २,०८,२४० घन सेंटिमीटर. कुरियरवाले त्याला ५००० ने भागतात, म्हणजे ४१.६ किलो. विमान कार्गोत ६००० ने भागलं तरी ३४.७. तुमची १५ किलोची सायकल कागदावर अडीचपट जड होते. प्रवाशाबरोबर सामान म्हणून नेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं ते याच भागाकारामुळे.

तिकीट काढताना

कंपन्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात एकूण वजन मोजतात: तिकिटावर ३० किलो असतील तर त्यात सायकलही आली आणि कपडेही, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. आखातातल्या विमानतळांवरून जाताना हा प्रकार बऱ्याचदा भेटतो आणि हलक्या सायकलवाल्याला तो फायद्याचा असतो. दुसऱ्या प्रकारात नग मोजतात: २३-२३ किलोचे एक किंवा दोन नग. इथे सायकल म्हणजे एक नग, मग ती १४ किलोची असो की २२ ची. काही कंपन्या तिला नगातच धरून मापाचा दंड माफ करतात, काही प्रत्येक दिशेला ठरावीक रक्कम घेतात. तिकीट तीन हजारांनी स्वस्त आणि सायकलचे जाऊन-येऊन पंधरा हजार, असा सौदा लोक दर हंगामात करतात. तेव्हा तुलना करताना तिकीट, सायकलचं जाण्याचं शुल्क, येण्याचं शुल्क आणि दुसऱ्या बॅगेचं शुल्क अशी चार आकड्यांची बेरीज कागदावर मांडा. नियमाचं पान त्याच दिवशी उघडा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला रोज सायकल दिसत नाही. तो संगणकात शोधत असताना तुमचा कागद कामाला येतो.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते तुटक तिकिटांत. पुणे-दिल्ली वेगळं काढलं आणि दिल्ली-पॅरिस वेगळं, तर दिल्लीपर्यंत देशांतर्गत १५ किलोचाच नियम लागतो, पुढे कितीही किलो असोत. शिवाय दिल्लीत खोका पट्ट्यावरून घेऊन, टर्मिनल बदलून, पुन्हा चेक-इन करायचा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असले तर आंतरराष्ट्रीय हद्द पुण्यापासूनच लागू होते आणि खोका थेट शेवटपर्यंत जातो. सरळ मुंबईहून उडणं बहुतेकांना सोपं पडतं, फक्त टॅक्सी सांगताना सेडान सांगू नका. १३७ सेंटिमीटरचा खोका मागच्या सीटवर बसत नाही. एर्टिगा किंवा इनोव्हा, मागची रांग पाडलेली.

तिकीट निघालं की चोवीस तासांच्या आत फोन किंवा चॅटवरून सायकल नोंदवून घ्यायची. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत यासाठी ‘बाइक’ (BIKE) याच चार इंग्रजी अक्षरांचा कोड आहे. नोंदीपुढे ‘एचके’ असं उमटलं की जागा पक्की. ‘एनएन’ म्हणजे नुसती मागणी गेलीय, मान्यता यायचीय. समोरच्याला ‘स्टेटस काय दिसतंय’ असं विचारा आणि बदललेलं तिकीट ईमेलवर मागवा. नोंद करताना खोक्याची मापं आणि वजन विचारतातच, म्हणून आधी खोका. आणि तिकीट एका कंपनीचं, विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल तर दोघांकडे चौकशी करा. खोका दारातून आत जातो की नाही हे शेवटी ज्याचं विमान तोच ठरवतो.

त्यातही एटीआर ७२ पासून सावध. लहान शहरांच्या मार्गांवर ही पंख्याची विमानं असतात. त्यांना पोटात सामानाची जागाच नाही. पुढे आणि मागे दोन कप्पे, तेही प्रवाशांच्याच मजल्यावर. विमान भरलेलं असलं की पहिला बाहेर राहतो तो मोठा खोका, आणि पुढच्या फेरीने येतो. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी असल्या विमानाने पोचायचा बेत करू नये.

बांधणी

दुकानाच्या खोक्यात मागचं चाक सायकललाच राहतं. पुढचं चाक, हँडल, सीटपोस्ट आणि पायडलं एवढंच निघतं. पहिल्यांदा दोन तास धरा, सरावाने पाऊण तास. सामान: एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तो काळा फोम ५ मीटर, २०० मिलिमीटरचे केबल टाय २५, रुंद ब्राऊन टेपचे २ रोल, आणि कापडाच्या तागाच्या आत असते ती पुठ्ठ्याची जाड नळी. कापडवाल्याकडे अशा नळ्या पडलेल्याच असतात.

सुरुवात गिअरपासून, कारण इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरी काढल्यावर हलत नाहीत. चेन मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर आणि पुढे मोठ्या चेनरिंगवर घ्या. मागे आत सरकल्याने डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) फ्रेमच्या आडोशाला येतो, आणि पुढे चेन दातांवर बसल्याने दात खोक्याचा तळ कुरतडत नाहीत.

मग पायडलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना पाठ असतं आणि ऐन वेळी सगळे चुकतात. आटे विसरा. पाना किंवा ॲलन की पायडलवर अशी लावा की दांडा वर उभा राहील, आणि तो मागच्या चाकाच्या दिशेने ढकला. दोन्ही बाजूंची पायडलं त्याच दिशेने सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे परतीला परदेशातल्या हॉटेलात सुटतील. पायडल घट्ट बसलेलं असेल तर घरीच सोडवून ठेवा. विमानतळावर १५ चा लांब पाना कोणाकडे नसतो.

सीटपोस्ट काढण्याआधी फ्रेमच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. हीच तुमची उंची. हँडलच्या कोनासाठीही स्टेमपाशी, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्यापाशी, टेपची एक खूण.

पुढचं चाक काढलं की दोन कामं लगेच करायची. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) फटीत पॅड-स्पेसर घालायचा, कारण डिस्क नसताना ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. पिवळा प्लॅस्टिकचा तुकडा सायकलबरोबर आलेला असतो, तो हरवला असेल तर जाड पुठ्ठा चार घड्या करून घाला. आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन पायांमध्ये आधार बसवायचा. खोका आडवा पडून वर तीस किलोच्या बॅगा रचल्या की मोकळा फोर्क कात्रीसारखा मिटतो. रोड बाइकच्या पुढच्या हबची रुंदी १०० मिलिमीटर असते. प्लंबरकडून सीपीव्हीसी पाइपचा बरोबर तेवढाच तुकडा कापून घ्या आणि आतून चाकाचा एक्सल घालून हलक्या हाताने आवळा. दहा रुपयांचा पाइप, फोर्क वाचतो आणि एक्सलही हरवत नाही.

डिस्क रोटर वाकणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पुढच्या चाकाचा रोटर काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून ठेवा. सहा बोल्टचा असेल तर टॉर्क्स टी-२५ लागते. मध्ये एकच रिंग असलेला असेल तर त्याचं हत्यार वेगळं आणि परत बसवताना ४० न्यूटन मीटर जोर, तेव्हा ते हत्यार सोबत नेणार असाल तरच काढा. मागच्या रोटरवर पुठ्ठ्याची गोल चकती केबल टायने बांधून टाका.

डिरेलर ५ च्या ॲलन कीने हँगरवरून, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्यावरून, सोडवा. केबल तशीच, चेन तशीच. फक्त सुटलेला डिरेलर बबल रॅपमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणात आत बांधायचा. हँगर हा मुद्दाम मऊ धातूचा असतो, धक्का लागला की फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. वाकला की गिअर घसरतात. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्याने परगावी मिळेलच असं नाही. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर हत्यारांच्या पिशवीत असलाच पाहिजे.

हँडलसाठी स्टेमच्या समोरचे चार बोल्ट काढा, हँडल केबलींसकट फ्रेमच्या बाजूला लटकवा आणि बोल्ट त्याच आट्यांत परत फिरवून ठेवा. बऱ्याच नव्या सायकलींमध्ये केबली हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून) आत जातात, त्यांचं हँडल असं सुटत नाही. त्यांना हँडलसकट मावणारी मोठी बॅगच लागते, म्हणजे मापाचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

पुढचं चाक डाव्या बाजूला, कारण उजव्या बाजूला चेन आहे. डाव्या क्रँकचा दांडा आऱ्यांमधून जाऊ द्या, चाक फ्रेमला तीन जागी बांधा आणि हबचं टोक फ्रेमला टेकतं तिथे पुठ्ठ्याची घडी. कार्बन फ्रेमवर केबल टाय करकचून आवळू नका, फोमवरूनच. सगळं खोक्यात उतरवण्याआधी फोर्कच्या टोकांखाली आणि चेनरिंगखाली थर्माकोलचे जाड तुकडे ठेवा. तळ फाटतो तो याच दोन जागी.

आता ती कापडाच्या तागाची नळी. खोक्याच्या आतल्या रुंदीएवढे, म्हणजे २० सेंटिमीटरला थोडे कमी, असे चार तुकडे करा आणि फ्रेमच्या मोकळ्या त्रिकोणांतून आडवे घाला. खोका कुशीवर पडला की वरचा भार पुठ्ठ्याच्या एका भिंतीवरून दुसरीवर या खांबांतून जातो, सायकलवर येत नाही. बाणाचं चित्र आणि ‘ही बाजू वर’ लिहून बघा हवं तर. लोडर रात्री दोन वाजता ते वाचत नाही.

हाताने उचलायची भोकं आतून टेपने बंद करा. एक्सल, बोल्ट, पायडल हे सगळं तिथूनच गळतं. सुटे भाग झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी फ्रेमला बांधलेली. बंद केलेला खोका हलवून बघा. खुळखुळलं तर उघडा.

हवा, गॅस, बॅटरी

‘टायरमधली हवा काढली का?’ हा काउंटरवरचा ठरलेला प्रश्न. हवा ठेवली तर टायर फुटेल ही समजूत मात्र चुकीची. सामानाचा कप्पाही केबिनइतक्याच दाबाखाली असतो. उडताना आतला दाब ८००० फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे सुमारे ०.७५ बार, जमिनीवर १ बार. फरक पाव बारचा, ४ पीएसआयसुद्धा नाही. ८० चा टायर ८४ चा झाल्यासारखा वाटतो, बस. तरी नियम नियम आहे, वाद घालायची जागा ती नव्हे. हवा कमी करा, पण पूर्ण नाही: २० ते २५ पीएसआय राहू द्या. साफ रिकामा टायर रिमला धक्क्यापासून वाचवत नाही, आणि ट्यूबलेस असेल तर कडा रिमवरून सुटून सीलंट खोक्यात सांडतं.

हवा भरायच्या सीओटूच्या छोट्या नळकांड्या घरीच ठेवा. ५० मिलिलिटरपर्यंतच्या चार नळकांड्यांना आंतरराष्ट्रीय नियमांत जागा आहे, पण विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि ती दाखवूनही एक्स-रेवाला खोका उघडायला लावतो. हातपंप न्या, नळकांड्या तिथे विकत घ्या. डिग्रीझरचा स्प्रे ज्वलनशील, तो कुठेच चालत नाही. चेनचं तेल छोट्या बाटलीत, खोक्यात.

सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक केबिनमध्येच, खोक्यात कधीही नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी, त्यावर बंदी. हिशोब सोपा: ३.७ व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तास, २७,००० ची ९९.९, ३०,००० ची १११ म्हणजे परवानगीची. बिनतारी गिअरच्या बॅटऱ्या काढून, टोकांना टेप लावून पाकिटात. ई-बाइकची ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॉट-तास होते. तिला प्रवासी विमानात प्रवेश नाही, सुट्या भागांतही नाही. नाण्यासारख्या सेलवर चालणारा, सामानाचा माग दाखवणारा एअरटॅग मात्र खोक्यात चालतो. तो ॲल्युमिनियमच्या नळीत कोंबू नका, सीटखालच्या कापडी पिशवीत ठेवा.

उलट बाजूला, ॲलन की आणि मल्टिटूल केबिनमध्ये नेऊ नका, काढून घेतात. हेल्मेट आणि क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट केबिनमध्ये न्या. सायकल उशिरा आली तर भाड्याने मिळते, तुमच्या पायाचे बूट मिळत नाहीत. इतर खेळांचं एका वाक्यात: क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फच्या काठ्या आपल्याकडे केबिनमध्ये चालत नाहीत, ट्रेकिंगच्या काठ्याही चेक-इनमध्येच टाका, बॅडमिंटनची रॅकेट सहसा चालते.

विमानतळावर

नेहमीपेक्षा एक तास आधी पोचा. आधी काउंटर, तिथे वजन आणि टॅग, मग मोठ्या सामानाची वेगळी खिडकी आणि तिथला एक्स-रे. टॅगचा फोटो काढा, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा. खोक्यावर फोन नंबर बाहेरून आणि आतूनही. टेप, केबल टाय आणि मार्कर हातातल्या पिशवीत ठेवा. खोका उघडायला लावला तर परत बंद तुम्हालाच करायचाय. (कात्री अर्थातच नको, ब्राऊन टेप दातांनी तुटतो.) काउंटरवर ‘लिमिटेड रिलीज’ची, म्हणजे नुकसानीची कंपनीची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या टॅगवर, सही मागतात. सही टळत नाही, पण कुठल्या चौकटीवर खूण केलीय ते वाचा. ‘नीट न बांधलेलं’ यावर खूण असेल तर बांधणी दाखवा आणि ‘नाजूक’वर करून घ्या. पुढे भरपाई मागताना हा एक शब्द आडवा येतो.

परदेशी जाताना महागडी सायकल असेल तर खोका सोपवण्याआधी कस्टम्सच्या टेबलावरून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना ‘ही इथूनच नेलेली’ हे सिद्ध करायचा तोच कागद. त्यासाठी फ्रेमचा क्रमांक लागतो, आणि तो बहुतेक सायकलींवर क्रँकच्या खाली, म्हणजे खोक्याच्या तळाशी. बांधण्याआधी त्याचा फोटो आणि सायकलचं बिल हाताशी ठेवा, आणि त्या जागेवरची झडप शेवटपर्यंत टेपने बंद करू नका.

लेहची गोष्ट वेगळी. विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. विरळ हवेत विमानाला उचल कमी मिळते, म्हणून तिथून उडताना वजन कमी ठेवावं लागतं आणि बहुतेक उड्डाणं सकाळीच उरकतात. पाच जणांचे पाच खोके एकाच विमानात चढतील अशी अपेक्षा ठेवू नका. एखादा दुसऱ्या दिवशी येतो. लेह-दिल्ली आणि दिल्ली-पुणे एकाच पीएनआरवर ठेवा, किंवा दिल्लीत एक रात्र मोकळी.

पोचल्यावर

खोका ओला, फाटलेला किंवा दबलेला दिसला तर पट्ट्याजवळच उघडा. नुकसान असेल तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या सामान कक्षात पीआयआर, म्हणजे लेखी नोंद, करून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. माँट्रियल कराराची भरपाईची कमाल हद्द २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, रुपयांत दीड लाखाच्या वर. देशांतर्गत प्रवासात ती फक्त २०,००० रुपये. कार्बनची सायकल असेल तर चेक-इनच्या वेळीच जादा मूल्य जाहीर करून त्याचं शुल्क भरता येतं, नाहीतर विमा. प्रवास विम्यात ‘एका वस्तूमागे’ किती मिळतात ती ओळ शोधा. एकूण रक्कम मोठी आणि ही ओळ बारीक असते.

२०१९ आणि २०२३ ला पीबीपी रांबूयेहून सुटली. पॅरिसच्या विमानतळावरून आरईआर (तिथली लोकल), मग मेट्रो, मग मोंपार्नासहून एन मार्गाची गाडी, एवढ्या जिन्यांवरून खोका न्यायचा म्हणजे ब्रेव्हेआधीच ब्रेव्हे. चौघांनी मिळून व्हॅन करा. जोडलेली सायकल लोकलमध्ये नेता येते, पण कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात सोडून.

जोडताना क्रम चुकवू नका. स्टेम सोडवला असेल तर आधी वरच्या टोपीचा बोल्ट, मग स्टेमच्या बाजूचे. उलट केलं तर हेडसेट ढिलाच राहतो. हँडलचे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने, बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन मीटर, नक्की आकडा बोल्टशेजारीच छापलेला असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर टोपीपासून पुन्हा. ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा लागला तर घाबरू नका, खोका उलटा पडल्याने टाकीतली हवा नळीत गेलीय. सायकल सरळ उभी करून लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबा, मग रबर बँडने दाबलेला ठेवून झोपा. सकाळी बहुतेक वेळा ताठ असतो. नसेल तर ब्लीड करायला, म्हणजे नळीतली हवा काढायला, दुकान गाठावं लागतं, म्हणून स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोचायचं.

खोका फेकू नका. टेप कापून सपाट करा, नळीचे खांब आणि फोम आतच घालून हॉटेलच्या सामानखोलीत खोलीचा क्रमांक लिहून ठेवा. सफाईवाले त्याला रद्दी समजतात, तेव्हा ‘हा हवाय’ असं फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरांत. टेपचा दुसरा रोल त्याच्याच आत.